पिकअपच्या पुढच्या चाकातली कटकट: सीव्ही एक्सलची तपासणी आणि घरच्या घरी बदल

जालना जिल्ह्यात अंबडच्या बाजूला आमची मोसंबीची बाग आहे. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पाणंद रस्त्याची पावसाळ्यात अशी अवस्था होते की फोर बाय फोर पिकअपशिवाय फळांचे क्रेट बाहेर निघत नाहीत. त्या पिकअपचे पुढचे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचे) एक्सल, म्हणजे चाकांना ताकद पोहोचवणारे आणि दोन्ही टोकांना वाकणारे जॉइंट असलेले दांडे, मी आजवर तीन वेळा घरीच बदलले आहेत. त्याआधी, पहिल्यांदा आवाज आला तेव्हा, तो कुठून येतो हे न शोधताच मी गाडी एका गॅरेजात नेऊन लावली होती. तिथे चाकाचे बेअरिंग बदलले गेले, पैसे गेले आणि आवाज जसाच्या तसा राहिला. आठवड्याभराने मी स्वतः गाडीखाली आडवा झालो, तेव्हा बाहेरच्या जॉइंटचे रबर तुरीच्या खुंटाने चिरलेले दिसले. त्यामुळे या लेखात एक्सल बदलण्याइतकीच जागा मी तपासणीला दिली आहे. पाने हाताळता येतात, चाक काढता येते, पण एक्सलला कधी हात लावलेला नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

हा भाग आपल्या गाडीला आहे का?

आधी हे पाहावे, कारण बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या बहुतेक मालगाड्यांना सीव्ही एक्सल नसतोच. ज्या गाड्यांची केवळ मागची चाके ओढतात, त्यांत इंजिनाची ताकद प्रॉपेलर शाफ्टमधून मागच्या हौजिंगपर्यंत जाते आणि हौजिंगच्या आत दोन सरळ पोलादी दांडे चाकांना फिरवतात. त्या दांड्यांना कुठे वाकावे लागत नाही. अशा गाडीतून खालून ठोका किंवा थरथर जाणवत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याच्या टोकांचे चौफुलीसारखे जॉइंट) तपासावेत, हा लेख तिथे उपयोगाचा नाही. सीव्ही एक्सल तिथेच लागतो, जिथे चाकाला ताकदही पोहोचवायची असते आणि ते चाक स्वतंत्र सस्पेन्शनवर वरखाली होते किंवा स्टेअरिंगबरोबर वळतेही. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स किंवा स्कॉर्पिओ गेटअवेच्या फोर बाय फोर गाड्यांत तो पुढे असतो, आणि पुढची चाके ओढणाऱ्या जवळपास सर्व छोट्या मोटारींतही असतो.

साध्या क्रॉसने हे काम का भागत नाही, हे समजून घेतले की पुढची लक्षणे आपोआप उलगडतात. क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरला की प्रत्येक फेऱ्यात पुढच्या दांड्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन लहान असेल तर ते खपून जाते, परंतु पूर्ण वळलेल्या पुढच्या चाकात हेच चढउतार स्टेअरिंगला हिसके देतील. १९२०च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने यावर सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत कोरलेल्या वक्र खाचांत सहा पोलादी गोळ्या बसतात, एक पिंजरा त्यांना एका पातळीत धरून ठेवतो, आणि दोन्ही दांड्यांतील कोनाला बरोबर मधोमध छेदणाऱ्या पातळीत त्या राहात असल्यामुळे दोन्ही बाजूंचा वेग सतत समान राहतो. चाकाकडचा जॉइंट बहुतेक गाड्यांत याच जातीचा असतो. डिफरन्शिअलकडच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीकडच्या) आतल्या जॉइंटात अनेकदा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो आणि तो कोनाबरोबरच आतबाहेर सरकतो, कारण चाक वरखाली झाले की दांड्याची लागणारी लांबी बदलते.

या दोन्ही जॉइंटांचे आयुष्य त्यांवरच्या रबरी बुटावर, म्हणजे घडीदार आवरणावर, अवलंबून असते. बुटाच्या आत मॉलिब्डेनम असलेले खास ग्रीस भरलेले असते. बूट फाटला की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते, त्याच्या जागी माती आणि पाणी शिरते, आणि गोळ्यांच्या खाचांत खड्डे पडू लागतात. आपल्याकडे बूट फाटायला निमित्तांची वाण नाही. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात तापून कडक झालेले रबर, जूनच्या पहिल्या पावसात त्याच्या घड्यांत गच्च बसून मग वाळून दगड होणारी काळी माती, आणि पीक काढल्यानंतर शेतात उभी राहणारी तुरीची व पऱ्हाटीची खुंटे. त्यातही तुरीचे तिरपे कापलेले खुंट सर्वांत वाईट, ते टायरलाही सोडत नाही.

आवाज ऐकण्याची रीत

बाहेरचा जॉइंट झिजला की चाक पूर्ण वळवून हळू वेगात गाडी ओढताना ठराविक लयीत ‘कट कट कट’ असा आवाज येतो, आणि वेग वाढवला की ती लयही जलद होते. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल तर उजव्या बाजूच्या जॉइंटवर आणि उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या बाजूच्या जॉइंटवर संशय अधिक घ्यावा, मात्र एवढ्यावरून भाग विकत आणू नये. आतला जॉइंट झिजला असेल तर तक्रार वेगळी असते. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर थांबते. पुढच्या गिअरमधून रिव्हर्स घेताना एकच ‘ठक्’ असा ठोका येणे हे दोन्हींपैकी कोणत्याही जॉइंटमधल्या ढिलाईचे लक्षण असू शकते, परंतु तसाच ठोका प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून किंवा इंजिनाच्या फाटलेल्या माउंटिंगमधूनही येतो.

फोर बाय फोर पिकअपवाल्याने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण मोटारींसाठी लिहिलेल्या सूचनांत ती नसते. गाडी टू व्हीलवर असताना पुढच्या एक्सलवर ओढण्याचा भार नसतो, त्यामुळे चांगलाच झिजलेला जॉइंटही डांबरी रस्त्यावर गप्प राहू शकतो आणि चिखलात फोर व्हील टाकल्याबरोबर वाजू लागतो. म्हणून चाचणी फोर व्हीलमध्येच करावी, पण मोकळ्या मातीत. बहुसंख्य पिकअपांची फोर व्हील रचना गरजेपुरती जोडण्याची असते आणि तिच्यात पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेण्याची सोय नसते. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवले की गाडी आखडते, हिसके देते आणि ठोकेही मारते. हे सर्व एक्सल धडधाकट असतानाही होते, आणि शिवाय यंत्रावर विनाकारण ताण येतो. आणखी एक खूण अशी की, गाडीला हाताने फिरवायचे हब लॉक (चाक एक्सलला जोडणारे-सोडवणारे कुलूप) असतील आणि ते उघडे असतील, तर टू व्हीलमध्ये पुढचा एक्सल चाकाबरोबर फिरतच नाही. त्या स्थितीत चाकाच्या वेगाबरोबर आवाज येत असेल तर तो एक्सलचा नाही, हे पाना न उचलता ठरते.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज सुटा नसतो, तो सलग घुमतो. साठच्या आसपासच्या वेगात, रस्ता मोकळा पाहून स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे केले की बेअरिंगवरचा भार बदलतो आणि घुमणे कमी-जास्त होते. कटकट आणि घुमणे यांतला हा फरक मला तेव्हा ठाऊक असता तर बेअरिंगचे पैसे वाचले असते.

गाडीखालची तपासणी

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. सिमेंटचा ओटा किंवा खळे उत्तम. काळ्या रानात जॅक लावायची वेळ आलीच तर खाली रुंद, जाड फळी घ्यावी, कारण वरून कोरडी दिसणारी ही माती भाराखाली हळूहळू दबते आणि जॅक तिरका होतो. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. गाडी उचलल्यानंतर चॅसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्यावेत. विटा किंवा दगड स्टँडची जागा घेऊ शकत नाहीत, वीट तर भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, “एकच मिनिट पाहतो” असे म्हणूनही, अंगाचा कोणताही भाग घालू नये.

आता स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावे, म्हणजे बाहेरच्या बुटाच्या घड्या उघडतात. सरळ चाकात त्या मिटलेल्या असल्याने भेग दिसत नाही. बूट फडक्याने पुसून प्रत्येक घडी बोटाने उघडून पाहावी, आणि चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पत्र्यावर किंवा चॅसिसवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे आहेत का ते पाहावे. शिंतोडे एका रेषेत गोलाकार पसरलेले असतील तर बूट फाटला आहे असेच समजावे. नंतर गिअर व ट्रान्सफर केस (टू व्हील-फोर व्हील बदलणारी पेटी) न्यूट्रलमध्ये ठेवून एका हाताने चाक धरावे आणि दुसऱ्या हाताने मधला दांडा पुढे-मागे पिळावा. बाहेरच्या जॉइंटात दांडा सैल फिरत असेल किंवा ठोका लागत असेल तर तो झिजला आहे. आतला जॉइंट मात्र आतबाहेर सरकतो तो त्याच्या रचनेमुळे, आणि अनेक नवखे या सरकण्यालाच बिघाड समजतात.

त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर टाय रॉडचे (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक पाहावे. तपासणीला अर्धा तास लागतो, आणि तो द्यावाच.

बूट फाटला आहे पण आवाज नाही आणि पिळल्यावर ढिलाईही नाही, असे दिसले तर पूर्ण एक्सल घेण्याची घाई करू नये. जॉइंट खोलून रॉकेलने धुवावा, पूर्ण वाळवावा, गोळ्या व खाचा उजेडात पाहाव्यात, आणि त्या गुळगुळीत असतील तर बूट किट बसवावे. किटमध्ये नवा बूट, दोन पट्ट्या, ग्रीसचे पाकीट आणि बहुधा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) येते. साधे चेसिस ग्रीस इथे भरू नये. आवाज सुरू झाल्यानंतर मात्र नवे ग्रीस भरून काही उपयोग नाही. खड्डे पडलेल्या खाचा ग्रीसने भरून येत नाहीत, फक्त आवाज चार दिवस दबतो.

खोलण्यापूर्वी

नवा एक्सल, हबचा नवा नट, स्प्लिट पिना आणि डिफरन्शिअलचे ऑईल सील हाती आल्याशिवाय चाक खोलू नये. आमच्यासारख्या ठिकाणी चुकीचा भाग बदलून आणायचा म्हणजे जालना किंवा थेट छत्रपती संभाजीनगर गाठायचे, आणि तोपर्यंत गाडी ठोकळ्यांवर उभी. डावा आणि उजवा एक्सल अनेक गाड्यांत वेगळ्या लांबीचे असतात. दुकानात गाडीचा चेसिस नंबर देऊन भाग मागावा, आणि शक्य असल्यास टोकाच्या दात्यांची संख्या व एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग आहे की नाही हेही मोजून न्यावे. जुने खोलून पुन्हा बांधलेले एक्सल स्वस्त मिळतात, पण आतल्या खाचा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून मी ते घेत नाही.

अवजारांत रिंग व सॉकेट पाने, हब नटच्या मापाचे मोठे सॉकेट, लांब दांडा आणि त्यावर चढणारा पाइप, टॉर्क रेंच, छोटी पहार, हातोडा, पितळी दांडा किंवा लाकडी ठोकळा, पकड, तार आणि तेलासाठी पसरट भांडे एवढे पुरते. मोटारींत हब नट बहुधा ३० ते ३६ मिमीचा असतो. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून मागून आणावा, तो टाळू नये.

जुना एक्सल काढणे

हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा. मधली टोपी काढून स्प्लिट पिन ओढून घ्यावी. नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असेल तर ती छिन्नीने आधी उचलावी. घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगावे आणि लांब दांड्याने नट केवळ सैल करावा. हब लॉक असलेल्या पिकअपांत हा मोठा नट नसतो. तिथे हब लॉकचे झाकण उघडून दांड्याच्या टोकावरची सर्क्लिप काढायची असते, आणि आत दिसणारे बेअरिंगचे नट वेगळे असतात, त्यांना हात लावू नये. त्यानंतर चाकाचे नट सैल करून गाडी उचलावी, स्टँड द्यावेत आणि चाक काढावे.

ब्रेकचे कॅलिपर दोन बोल्ट काढून सोडवावे आणि तारेने सस्पेन्शनला टांगावे. ते होजवर लोंबकळत ठेवले तर होज आतून तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. एबीएसची वायर असेल तर तिच्या क्लिपा मोकळ्या कराव्यात. टाय रॉडच्या टोकाचा नट शेवटच्या दोन-तीन आट्यांपर्यंत सैल करून ज्या भागात ते टोक बसते त्याला बाजूने हातोड्याचे खणखणीत फटके दिले की टोक सुटते. आट्यांवर मारू नये.

पुढचे पाऊल सर्वांत जपून टाकण्याचे आहे. दोन आर्मच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर बहुधा खालच्या आर्मवर असतो, आणि काही गाड्यांत स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरपासून वेगळी, आर्म आणि चॅसिसच्या मध्ये दाबून बसवलेली असते. अशा गाडीचा खालचा बॉल जॉइंट आधाराशिवाय सोडवला तर आर्म झटक्यात खाली येतो आणि स्प्रिंग निसटू शकते. म्हणून खालच्या आर्मखाली जॅक लावून थोडा भार घ्यावा, तो जॅक काम संपेपर्यंत हलवू नये, आणि वरचाच बॉल जॉइंट सोडवावा. एवढ्याने नकल (चाकाचा हब धरून ठेवणारा भाग) बाहेर कलते आणि एक्सलला वाट मिळते. मॅक्फरसन स्ट्रट असलेल्या मोटारीत मात्र खालचा बॉल जॉइंट सोडवण्याची पद्धत आहे, कारण तिथे स्प्रिंग स्ट्रटवरच बांधलेली असते.

नट दांड्याच्या टोकाशी समपातळीत येईल इतका उलटा फिरवून ठेवावा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून दांडा आत ठोकावा. थेट हातोडा मारल्यास आट्यांचे टोक पसरते आणि जुना भाग परत बसवायची वेळ आली तर तो बसत नाही. गंज धरलेला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

आतले टोक दोन प्रकारचे असते. एका प्रकारात फ्लँजवर बोल्ट असतात, तिथे रंगाने खूण करून बोल्ट काढले की एक्सल खाली येतो आणि तेल सांडत नाही. दुसऱ्या प्रकारात दातेरी टोक थेट डिफरन्शिअलमध्ये शिरलेले असते आणि आत सर्क्लिपने अडकलेले असते. तिथे आधी तेल काढून घ्यावे, मग जॉइंटचे धड आणि डिफरन्शिअलचे अंग यांच्या फटीत पहार घालून एक छोटा, झटकन हिसका द्यावा. मधला दांडा धरून ओढू नये, कारण आतला ट्रायपॉड वाटीतून सुटतो आणि एक्सलचे एक टोक हातात, दुसरे गाडीत राहते. हे मी एकदा केले आहे.

नवा बसवणे

जुना आणि नवा एक्सल पोत्यावर शेजारी-शेजारी ठेवून लांबी, दाते, रिंग आणि टोकाची जाडी जुळवावी. ऑईल सील बदलावे आणि त्याच्या ओठाला तेलाचा हात फिरवावा. कोरडे सील पहिल्याच फेऱ्यात फाटते. एक्सल सरळ रेषेत आत न्यावा, दाते जुळले की थोडा फिरवून जोराने आत ढकलावा, आणि सर्क्लिप बसल्याचा ‘टक्’ आवाज आल्यावर जॉइंटचे धड हाताने बाहेर ओढून पाहावे. ते हलता कामा नये. त्यानंतर बाहेरचे टोक हबमध्ये घालावे, वरचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड जोडावा, त्यांना नव्या स्प्लिट पिना घालाव्यात, कॅलिपर बसवावे, आणि सर्व बोल्ट गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या मापाने आवळावेत.

हब नट नवा वापरावा. त्याचे आवळण्याचे माप गाडीनुसार बदलते. अनेक गाड्यांत ते १५० ते ३०० न्यूटन मीटरच्या दरम्यान येते, पण नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, कारण अनेक रचनांत हा नटच चाकाचे बेअरिंग दाबून धरतो आणि तो कमी आवळला तर नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमू लागते. याच कारणाने नट न आवळता गाडी चाकांवर ढकलूही नये. स्टँडवर असतानाच ब्रेक दाबून ठेवून नट मापाने आवळावा, मग चाक बसवावे आणि गाडी खाली घ्यावी. न्युमॅटिक गन असली तरी शेवटचा आवळ टॉर्क रेंचनेच द्यावा. हब लॉकच्या गाडीत सर्क्लिप आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करून झाकण लावावे.

तेल काढले असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे, बहुधा जीएल-५ प्रकारचे, तेल भरण्याच्या छिद्रातून ओघळू लागेपर्यंत भरावे. काढलेले तेल बांधावर किंवा नालीत ओतू नये, जुन्या डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दोन-चार वेळा दाबावे, कारण कॅलिपर हलवताना पिस्टन मागे सरकलेला असू शकतो आणि पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते.

पहिली फेरी हळू वेगात, मोकळ्या जागेत, दोन्हीकडे पूर्ण वळण घेऊन करावी, आणि नंतर मातीत फोर व्हील टाकून तीच वळणे पुन्हा घ्यावीत. परत आल्यावर डिफरन्शिअलच्या सीलपाशी तेलाचा ओलावा आहे का ते बोट फिरवून पाहावे. साधारण शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत, स्प्लिट पिना जागेवर आहेत ना ते पाहावे, आणि बुटांच्या पट्ट्यांपाशी ग्रीस झिरपत नाही ना तेही पाहावे. नव्या बुटावर अगदी सुरुवातीला ग्रीसचा पुसट थर दिसला आणि पुसल्यावर तो पुन्हा आला नाही, तर तो कारखान्यातून बसवताना लागलेला असतो.